उसन्यावर उसनं घेतलं की देणं फिटतं?

तिकोणा पेठ हे माझं आजोळ. गडाच्या पायथ्याशी घर, मागे भाताची खाचरं, आणि शनिवार-रविवारी पवना धरणाकाठी तंबूत राहायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा कापणी उरकली होती, झोडणी व्हायची होती. घरातला जुना तांदूळ संपत आलेला. मामेभावाची मुलगी ओटीवर गणिताची वही घेऊन बसली होती. सातवीत आहे. हिंजवडीला कंप्युटरवर काम करणारा काका आलाय म्हटल्यावर वही माझ्यापुढे सरकली.

पहिल्याच उदाहरणात लिहिलं होतं:

−१/२ − १/४ = ३/४

"हे कसं आलं?"

"वजा वजा अधिक," तिने पाढा म्हणावा तसं सांगितलं. क्लासच्या सरांनी शिकवलंय. पुढची चार उदाहरणंही तशीच होती. छेद समान करणं बिनचूक, अंशांची बेरीज बिनचूक, आणि शेवटी चिन्ह उलटं.

मी वही बाजूला ठेवली. त्या आठवड्यात काय झालं होतं ते मामीने मला चहासोबत सांगितलंच होतं. सोमवारी शेजारच्या आक्कींकडून अर्धी पायली तांदूळ उसने आणले होते. पाहुणे वाढले म्हणून गुरुवारी आणखी पाव पायली. आणायला हीच गेली होती.

"आक्कींचं आपल्याकडे किती देणं आहे?"

"पाऊण पायली." एक क्षणही लागला नाही.

"मग वहीतल्या हिशोबाने आक्कीच आपल्याला पाऊण पायली देणं लागतात की!"

ती हसली. आणि मग जे म्हणाली ते गेले कित्येक महिने माझ्या डोक्यातून जात नाही. "ते घरचं झालं काका. हे गणित आहे."

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. मुलीविरुद्ध नाही. ती बिचारी आम्ही जे शिकवलं तेच बोलली. घरचं वेगळं आणि गणित वेगळं, हे तिला कुणीतरी शिकवलंय. वर्षानुवर्षं, रोज थोडं थोडं, आणि फी घेऊन.

आधी गुन्हेगाराला पकडू. 'वजा वजा अधिक' हे तीन शब्द. महाराष्ट्रात गणिताचं इतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या तीन शब्दांनी केलं असेल असं मला वाटत नाही. मूळ नियम गुणाकाराचा आहे: ऋण संख्येला ऋण संख्येने गुणलं की उत्तर धन. बेरीज-वजाबाकीत तो एकाच जागी लागू पडतो, जिथे ऋण संख्या वजा करायची असते. म्हणजे −३/४ − (−१/४). दोन चिन्हं एकमेकांना चिकटलेली, मध्ये कंस. पण घोकताना गुणाकार गळाला, कंस गळाला, आणि उरला एक मंत्र. आता वाक्यात कुठेही दोन आडव्या रेघा दिसल्या की पोरं त्यांची उभी-आडवी फुली करून टाकतात.

उसन्याच्या भाषेत बघा. अर्धी पायली देणं आहे, त्यात पाव पायलीचं देणं वाढलं. उणे अर्ध्यातून आणखी पाव गेला. देणं पाऊण. उसन्यावर उसनं घेतल्याने कुणाचं देणं फिटलेलं जगात कुणी पाहिलं नाही. आता दुसरं उदाहरण. आक्की म्हणाल्या, "पावपायलीचं काही मनावर घेऊ नको गं, राहू दे." पाऊण पायलीच्या देण्यातून पाव पायलीचं देणंच काढून टाकलं. −३/४ − (−१/४) = −१/२. देणं वजा झालं म्हणून आपली बाजू वर आली. 'वजा वजा अधिक'चा बेरीज-वजाबाकीतला सगळा अर्थ एवढाच: देणं माफ होणं म्हणजे मिळकत होणं. सातवीतल्या मुलीला हे कळतं, कारण ती आक्कींच्या दारात उभी होती.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. कारण "आम्ही नियम घोकूनच शिकलो आणि इंजिनिअर झालोच की" असं म्हणणारे वाचक एव्हाना अस्वस्थ झाले असतील. मीही त्यांच्यातलाच.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी वेळापत्रकाचा एक छोटा कोड लिहिला. जगातलं प्रत्येक ठिकाण जागतिक प्रमाणवेळेच्या किती पुढे किंवा मागे आहे ते त्यात वाचायचं होतं. भारत +५:३०, म्हणजे साडेपाच. नेपाळ +५:४५, म्हणजे पावणेसहा. माझा कोड मधल्या दोन टिंबांपाशी तुकडे करायचा: तास वेगळे, मिनिटं वेगळी, मग दोघांची बेरीज. भारताला चालला, नेपाळला चालला. मग कॅनडातलं न्यूफाउंडलंड आलं. तिथली घड्याळं हिवाळ्यात साडेतीन तास मागे असतात: −३:३०. माझ्या कोडने काय केलं? −३ घेतले, त्यात अर्धा मिळवला. उत्तर −२ १/२. तिथल्या लोकांना ठरलेल्या भेटीची वेळ एक तास पुढची दिसू लागली आणि माणसं एक तास उशिरा पोचू लागली. चूक सापडायला आम्हाला दोन दिवस लागले आणि दुरुस्त करायला दोन मिनिटं.

ही चूक कंप्युटरची नव्हती, सातवीची होती. −३ १/२ म्हणजे उणे साडेतीन. उणे तीन आणि वर उणे अर्धा. चिन्ह सबंध संख्येचं असतं, फक्त पुढच्या आकड्याचं नसतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी चिन्हाकडे फक्त चिन्ह म्हणून बघत होतो? आता आठवत नाही. एवढं मात्र आठवतं की अकरावीत याच्या बरोबर उलटा प्रकार शिकवला गेला होता. आपल्या बोर्डात बारावीपर्यंत कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून लॉग टेबल. ०.००५ चा लॉग 'थ्री बार पॉइंट सहा नऊ नऊ शून्य'. त्यात ऋण फक्त तीन, पुढचा ०.६९९० धन. म्हणजे खरी किंमत −२.३०१०. एकाच मुलाला एका वर्षी सांगायचं की ऋणचिन्ह सगळ्यांवर आहे, आणि चार वर्षांनी सांगायचं की इथे ते फक्त पहिल्यावर आहे. दोन्ही बरोबर आहेत. पण दोहोंत फरक का, हे सांगितलं नाही तर मुलाकडे घोकण्याशिवाय काय उरतं? मी दोन्ही घोकलं, दोन्हीत मार्क मिळवले, आणि न्यूफाउंडलंडला एक तास उशीर केला.

आता सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट. हे सगळं समजून घ्यायला लागणारी भाषा आपल्या तोंडात आधीपासून आहे.

वर्गात एकच शब्द चालतो: मायनस. −१/२ − १/४ वाचताना "मायनस एक छेद दोन मायनस एक छेद चार". दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिल्यावर गोंधळ होणारच. पहिलं चिन्ह संख्या शून्याच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगतं. दुसरं चिन्ह काय करायचं ते सांगतं. मराठीत यांना दोन वेगळे शब्द आहेत, उणे आणि वजा. उणे ही स्थिती, वजा ही क्रिया. "उणे अर्धा, वजा पाव." हे मोठ्याने म्हणून बघा. यात 'वजा वजा अधिक' कुठे बसवणार? एकच तर वजा आहे. आणि −३/४ − (−१/४) म्हणजे "उणे पाऊण, वजा उणे पाव". कानालाच फरक कळतो. पुस्तकातला शब्द तर याहून थेट आहे: ऋण. ऋण म्हणजे कर्ज. मी बारावीपर्यंत हजार वेळा 'ऋण संख्या' लिहिलं असेल. ऋण म्हणजे ते 'ऋण काढून सण' मधलंच ऋण, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो.

अपूर्णांकांचंही तेच. 'पावणे' हा शब्द पादोन यापासून आला: पाद, म्हणजे चतुर्थांश, ऊन, म्हणजे कमी. पावणेतीन म्हणजे ३ − १/४. कामशेतला पावणेसातची लोकल पकडणारा प्रत्येक माणूस रोज अपूर्णांकाची वजाबाकी करतो. एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वद, हे आठ शब्द म्हणजे आठ वजाबाक्या. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'ला जोडून 'वीस सात' असं वाचन आलं आणि महाराष्ट्र पेटला. विधिमंडळात टोलेबाजी झाली, समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना जागोजागी खुलासे करावे लागले. मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, हा त्यांचा मुद्दा साधा होता. संस्कृती बुडाली म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता. पण त्या सगळ्या गदारोळात किती जणांनी आपल्या घरातल्या मुलाला सांगितलं की 'एकोणतीस' या शब्दात 'एक उणे तीस' लपलंय? शब्द टिकवायला सगळे तयार. शब्दाचा अर्थ उघडून दाखवायला कुणाला वेळ नाही.

आणि उणे टक्क्यांना तर मराठी माणूस घाबरतच नाही. उजनी धरणाचा एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा. त्याच्या वरचं, वापरायचं पाणी संपलं की धरणाची टक्केवारी उणेमध्ये मोजतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती. सोलापुरातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा: उणे ४० वरून उणे २५ झालं, म्हणजे पाणी वाढलं की घटलं? "वाढलं, पंधरा टक्के." हेच सातवीच्या पुस्तकात −१/४ − (−२/५) असं लिहा. छेद २० करा: −५/२० + ८/२० = ३/२०. तेच पंधरा टक्के. टपरीवरचा माणूस हे करतो आणि त्याचा मुलगा नापास होतो.

हा केवळ माझा भावनिक कढ नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. धंदा करताना त्यांचे ९८ टक्के हिशोब बरोबर आले. तेच हिशोब आकडेमोड म्हणून पुढे ठेवल्यावर ३७ टक्के. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल असंच दाखवलं, आणि उलटंही: शाळेत आकडेमोड करणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळतात. म्हणजे भिंत दोन्हीकडून आहे. माझी भाची भिंतीच्या एका बाजूला, मी दुसऱ्या.

आता समोरच्या बाजूचे आक्षेप घेऊ. पहिला: ऋण संख्या मुळात अवघडच, नियम घोकण्यावाचून इलाज नाही. अवघड आहे हे मान्य. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण यांच्या बेरजेचे नियम दिले: दोन धनांची बेरीज धन, दोन ऋणांची बेरीज ऋण, एक धन एक ऋण असेल तर फरक. चौदाशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलेलं असताना आपण दोन ऋणांची बेरीज धन करतोय, ही वेगळी गंमत. पण पुढे पाचशे वर्षांनी भास्कराचार्यही इथे थबकले. बीजगणितात त्यांचं माकडांचं उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग, इतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय, तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पाच घेतलं तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. आकडेमोड जुळते, पण उणे दोन माकडं लोकांना पटत नाहीत, म्हणून भास्कराचार्यांनी ५० ठेवलं. इंग्लंडात फ्रान्सिस मॅसेरेसने १७५८ मध्ये ऋणचिन्हाच्या वापराविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. एवढी मोठी माणसं जिथे थांबून विचारात पडली, तिथे बारा वर्षांच्या मुलीला थांबू न देता तीन शब्दांत पुढे ढकलणं हा उद्धटपणा आहे. भास्कराचार्यांनी विचारलं, 'याचा अर्थ काय?' आपण मुलांना तो प्रश्नच विचारू देत नाही.

दुसरा आक्षेप तुमच्यापैकी अनेकांच्या हातात आहे. फोन. फोटो काढा, उत्तर पायऱ्यांसकट हजर. मग कशाला डोकं शिणवायचं? माझंही पोट यंत्रांवर चालतं, म्हणून सांगतो: यंत्र तुम्ही विचारलेल्याचं उत्तर देतं. −३:३० चे तुकडे कसे करायचे ते मीच यंत्राला सांगितलं होतं, आणि त्याने निमूटपणे ऐकलं. उत्तर शून्याच्या कुठल्या बाजूला यायला हवं हे ज्याला आधी सांगता येत नाही, त्याला चुकलेलं उत्तर ओळखता येत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या आजोबांच्या पिढीचा: "पावकी-निमकी-पाऊणकी बंद केली, तिथेच गणित मेलं." इथे मी आजोबांच्याही बाजूने नाही. पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी ही जगण्याची हत्यारं होती, कारण रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याच्या बारा पै. पाऊण आणा देणं आणि पाच-षष्ठांश आणा येणं, म्हणजे ९ पै देणं, १० पै येणं, हाती १ पै. −३/४ + ५/६ = १/१२. समच्छेद करणं म्हणजे दुसरं काही नाही, दोघांना मोजता येईल असं एक माप शोधणं. पै हेच ते माप होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, २०११ मध्ये चार आणेही चलनातून गेले. माप गेल्यावर नुसता पाढा परत आणला तर तोही आणखी एक मंत्रच होईल. मला पाढा नको, पायली हवी. शहरातल्या मुलांना पायली माहीत नाही, हेही खरं. त्यांना पवनेच्या तंबूचं भाडं चौघांत वाटून कुणाचं कुणाकडे किती राहिलं ते माहीत असतं. लिफ्टमधला उणे एक मजला माहीत असतो. तिथून सुरू करा. देण्याघेण्याची ही उपमा गुणाकारापाशी अपुरी पडते, हेही सांगा. पण बेरीज-वजाबाकीला ती पुरून उरते.

हे सगळं एवढं मनाला का लावून घ्यायचं? चार मार्कांचा तर प्रश्न. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातल्या एका तरतुदीची बातमी आली: दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण पडले तरी पुढे जाता येईल, पण त्या विषयांचा पुढचा रस्ता बंद असा शेरा पडेल. नापास होऊन मुलं शिक्षण सोडतात, त्यांना वाचवावं, हा हेतू चांगला आहे. पण त्या शेऱ्याचा अर्धा भाग सातवीतच लिहिला जातो, "मला गणित जमत नाही" या वाक्याने. बीजगणितातलं प्रत्येक समीकरण ऋण अपूर्णांकातून जातं. इथे पाय घसरला की पुढच्या प्रत्येक पायरीवर घसरतो. आणि ते खापर मूल स्वतःवर फोडतं, कारण क्लासच्या मंत्रावर संशय घ्यायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

तिकोणा पेठेसारख्या गावात तर हा हिशोब कागदावरचा राहत नाही. धरणाकाठच्या जमिनीला फार्महाऊसवाल्यांची मागणी आहे आणि सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची नावं एकाखाली एक आहेत. समजा सामाईक एकरात एकाचा हिस्सा १/४, त्याने विकली १/५. उरली १/२०, म्हणजे दोन गुंठे. आणि विकली १/३ तर? १/४ − १/३ = −१/१२. उत्तर उणे आलं. म्हणजे त्याने स्वतःच्या हिश्शापलीकडची, भावाची सव्वातीन गुंठ्यांहून जास्त जमीन विकली, आणि आता दोन पिढ्या कोर्टाच्या तारखा. दलालासमोर बसून हे उणे ज्याला आधी दिसतं, त्याची जमीन वाचते. या मुलीच्या नावावरही उद्या असा एक अपूर्णांक लागणार आहे.

म्हणून मागणी साधी आहे. 'वजा वजा अधिक' हे शब्द बेरीज-वजाबाकीच्या तासाला बंद करा. उणे आणि वजा वेगळे वाचा. आकडेमोड करण्याआधी विचारा: उत्तर देण्याच्या बाजूला येईल की येण्याच्या? आणि मुलांना त्यांच्या घरचं एक तरी देणंघेणं वहीत लिहू द्या. यासाठी ना नवा अभ्यासक्रम लागतो, ना ॲप, ना अनुदान.

त्या दिवशी ओटीवर आम्ही चार उदाहरणं तांदळात सोडवली. पाचवं तिने एकटीने केलं. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. झोडणी झाली होती, नवा तांदूळ भरडून आला होता, आणि मामीने आक्कींकडे शिगोशीग एक पायली पाठवली होती.

"काका, आता आक्कींकडेच आपलं पाव पायली येणं आहे. −३/४ + १. मी वहीत लिहिलंय."

"सरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण तांदूळ खोड."